चौघांनी उचललेली बाज

गरिबांचा न्याय व मंडळीचे कर्तव्य

शास्त्रपाठ : मार्क २:१–१२.
सोबत वाचावे : निर्गम १८:१३–२६, लूक १८:१–८.
मुखोद्गत करावयाचे वचन : नीतिसूत्रे ३१:८, ९.



कफर्णहूम गावातील त्या घराची गोष्ट आपल्या शब्बाथ शाळेतील लहान मुलांसही ठाऊक आहे. एक पक्षघाती मनुष्य होता. त्याला बरे करणारा प्रभू त्याच गावात, हाकेच्या अंतरावर बसला होता. दार कोणी मुद्दाम लावून घेतले नव्हते. तरी तो मनुष्य आत जाऊ शकत नव्हता. कारण त्याचे पाय चालत नव्हते व दारात गर्दी दाटली होती. मग चौघांनी त्याची बाज उचलली, छपर उकलले, व त्याला प्रभूच्या पायांपाशी सोडले. मार्क त्या चौघांची नावे सांगत नाही. परंतु प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला, एवढे तो आवर्जून सांगतो.

आज आपण ह्या गोष्टीचा एका वेगळ्या बाबतीत उपयोग करून पाहू. न्यायालय हे काही प्रभूचे घर नव्हे, व न्यायाधीश हा काही तारणारा नव्हे. तरी आपल्या तालुक्याच्या गावी एक दार आहे. ते कायद्याने गरिबासाठी उघडे ठेवले आहे, आणि त्यात वकील फुकट मिळतो. असे असूनही आपल्या वाडीतील विधवा, मजूर व कुळे त्या दारापर्यंत पोहोचत नाहीत. त्यांची बाज कोणी उचलावयाची, हाच आजच्या पाठाचा प्रश्न आहे.

१. हा हक्क आहे, भीक नव्हे

प्रथम हे समजून घ्यावे की, गरिबाला वकील देणे ही सरकारची मेहेरबानी नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने भारताच्या राज्यघटनेत ‘३९-अ’ हे कलम घातले गेले. पैशाच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही अडचणीमुळे कोणीही न्यायाला मुकू नये, म्हणून राज्याने मोफत कायदेशीर साहाय्याची तजवीज करावी, असा त्याचा आशय आहे. पुढे १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण अधिनियम झाला व ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला.

हा विचार मुळात आपल्याच प्रांतात बराच जुना आहे. १९४९ मध्ये मुंबई सरकारने न्यायमूर्ती न. ह. भगवती ह्यांच्या अध्यक्षतेखाली गरिबांना कायद्याचे साहाय्य कसे देता येईल हे पाहण्यासाठी समिती नेमली होती. त्यांचेच पुत्र न्यायमूर्ती प्र. न. भगवती व केरळचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी पुढे हे काम देशभर नेले. १९७८ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या होसकोट ह्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वकील देण्याची ऐपत नसलेल्या कैद्यास अपिलासाठी वकील देणे हे राज्याचे कर्तव्य आहे. १९८६ मध्ये सुक दास नावाच्या अरुणाचलातील एका मनुष्याची शिक्षा त्याच न्यायालयाने रद्द केली. कारण त्याला वकील मिळाला नव्हता, व तो मागता येतो हेही त्याला कोणी सांगितले नव्हते. मागितला नाही म्हणून हक्क बुडत नाही, असे न्यायालयाने ठरविले. ज्याला हक्काची वार्ताच पोहोचली नाही, तो मागणार तरी कसा?

हे साहाय्य कोणास मिळते? अधिनियमाच्या १२ व्या कलमात यादी आहे. अनुसूचित जाती व जमातींतील लोक, सर्व स्त्रिया, सर्व मुले, अपंग, वेठबिगारीस अथवा मानवी व्यापारास बळी पडलेले, पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार अशा आपत्तीत सापडलेले, कारखान्यातील कामगार, कोठडीत अथवा तुरुंगात असलेले, आणि ज्यांचे उत्पन्न ठरीव मर्यादेहून कमी आहे ते. महाराष्ट्रात ही मर्यादा वार्षिक ३ लाख रुपये आहे. ध्यानात ठेवावे की, स्त्रीला उत्पन्नाची अट मुळीच नाही. आणि ज्यांना ती अट आहे त्यांनी उत्पन्नाविषयी प्रतिज्ञापत्र केले, तर तेही सामान्यतः पुरेसे धरले जाते. वकिलाची फी, न्यायालयाचे शुल्क, कागद लिहविण्याचा व नकलांचा खर्च, हे सर्व ह्या साहाय्यात येते.

२. एकट्याने बाज उचलत नाही

मोशे मोठा पुढारी होता. तरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो एकटाच न्याय करीत बसे, व लोक उन्हात तिष्ठत उभे राहत. हे पाहून त्याचा सासरा इथ्रो ह्याने त्याला स्पष्ट सांगितले की, ही रीत बरी नव्हे. तूही थकशील व लोकही थकतील. देवाला भिणारी व लाचेचा तिटकारा असणारी माणसे निवड, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर नेम, म्हणजे लहान गोष्टी ते पाहतील व अवघड तेवढ्या तुझ्याकडे येतील. मोशेने ते मान्य केले. येथे हे पाहण्यासारखे आहे की, न्याय लोकांपर्यंत पोहोचला तो कोणी अधिक मोठा न्यायाधीश आला म्हणून नव्हे, तर काम वाटून घेतले गेले म्हणून.

आपल्या देशाच्या कायद्यानेही हीच वाट धरली आहे. दिल्लीस राष्ट्रीय प्राधिकरण, प्रत्येक राज्यात राज्य प्राधिकरण, जिल्ह्यास जिल्हा प्राधिकरण, आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती, अशा पायऱ्या आहेत. इतकेच नव्हे, तर ११ व्या कलमात असे सांगितले आहे की, गरिबांना कायद्याचे साहाय्य देण्याचे काम करणाऱ्या सरकारी व बिनसरकारी संस्था, विद्यापीठे व इतर ह्यांच्याशी ह्या मंडळांनी मेळ राखून काम करावे. म्हणजे आपण त्यांच्याकडे गेलो तर आगंतुक म्हणून जात नाही. आपल्यासारख्यांना बरोबर घेऊन चालावे, असे कायद्यानेच त्यांस सांगून ठेवले आहे.

ह्या सहकार्याचे एक उदाहरण मुंबईचे आहे. १९८२ च्या मे महिन्यात शीला बारसे नावाच्या पत्रकार बाईंनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात १५ स्त्री कैद्यांच्या भेटी घेतल्या. पोलिसांच्या कोठडीत आपणांस मारहाण झाली, असे त्यांपैकी ५ जणींनी सांगितले. बाईंनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच अर्ज म्हणून घेतले व निर्मला निकेतन ह्या समाजकार्याच्या महाविद्यालयाच्या संचालिकांस तुरुंगात पाठवून चौकशी करविली. फेब्रुवारी १९८३ मध्ये निकाल झाला. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात व तेथे स्त्री शिपाई असावेत. अटक होताच जवळच्या विधी साहाय्य समितीस कळवावे. आणि अटकेतील मनुष्याचे हक्क मराठी, हिंदी व इंग्रजी भाषांत लिहून प्रत्येक कोठडीत लावावेत, असे हुकूम झाले. पाहा, एकीने डोळे उघडे ठेवून पत्र लिहिले, दुसरीने आत जाऊन विचारपूस केली, वकिलांनी बाजू मांडली, न्यायाधीशांनी हुकूम दिला. ह्यांपैकी कोणा एकाच्याने हे झाले नसते.

३. बाजेचे चार कोपरे

आता आपल्या तालुक्यात ही बाज कोण उचलील, ते पाहू.

पहिला कोपरा तालुका समितीचा व तिने नेमलेल्या वकिलाचा. न्यायालयात उभे राहण्याचे काम वकिलाचेच आहे. ते काम पाळकाने किंवा गावच्या पुढाऱ्याने करू नये, त्यांना ते करताही येणार नाही. अर्ज समितीच्या कचेरीत द्यावा. ज्याला लिहिता येत नाही त्याने तोंडी सांगितले तरी तेथे ते लिहून घेतले जाते. १५१०० ह्या क्रमांकावर दूरध्वनी करूनही विचारता येते.

दुसरा कोपरा विधी स्वयंसेवकाचा. २००९ पासून राष्ट्रीय प्राधिकरणाने ही योजना चालविली आहे. शिक्षक, अंगणवाडीच्या बाया, निवृत्त नोकर, विद्यार्थी अशा साध्या माणसांस शिकवून तयार करावयाचे, व त्यांनी गाव आणि कचेरी ह्यांमध्ये पूल व्हावयाचे. स्वयंसेवक हा वकील नव्हे. परंतु कोणता कागद लागतो, कोठे जावयाचे, हे तो सांगतो व गरज पडल्यास बरोबर जातो. आपल्या मंडळीतील एक बहीण व एक भाऊ हे शिक्षण घेण्यास का पुढे होऊ नयेत?

तिसरा कोपरा कायद्याच्या महाविद्यालयाचा. पुष्कळ विधी महाविद्यालयांत गरिबांसाठी साहाय्य केंद्र असते. तेथील विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली गावोगाव येऊन सभा घेतात. त्यांना गावात बसावयास जागा व ऐकावयास माणसे पाहिजे असतात. मंदिराचा ओटा व रविवारची उपासना सुटल्यावरचा तास आपण देऊ शकतो.

चौथा कोपरा आपला, म्हणजे गावातील मंडळीचा. वकिलास तालुक्यास बसून जे दिसत नाही ते आपणांस दिसते. कोणाच्या घरी मृत्यू झाला, कोणाच्या अंगठ्याचा ठसा कोऱ्या कागदावर घेतला गेला, कोणाची मजुरी अडकली, कोणती सून माहेरी परत आली, हे बायबलबाईस व उपदेशकास पहिल्याने कळते. शिवाय मंडळीच्या दप्तरात बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या व पुरण्याच्या नोंदी असतात. न्यायालयात त्यांचे मोल किती आहे, ह्याची आपणांस सहसा कल्पना नसते.

४. एक उदाहरण

समजा, एका ख्रिस्ती बहिणीचा पती मृत्युपत्र न करता वारला. पदरी दोन लहान मुले आहेत. दोन एकर कोरडवाहू जमीन पतीने स्वतः घेतलेली व त्याच्याच नावावर होती. दिराने तलाठ्याकडे जाऊन फेरफारात आपले नाव लावून घेतले, आणि तो तिला म्हणतो, “वहिनी, तुम्ही धर्म बदलला, तुमचा हक्क गेला.” गावातील चार वृद्धही मान डोलावितात. ती बहीण रडत मंडळीत येते. आपण काय करतो? बहुधा प्रार्थना करतो, मूठभर दाणे देतो व धीर धर म्हणून सांगतो. हे सर्व चांगले आहे. परंतु बाज जागची हालली नाही.

दिराचे म्हणणे कायद्याने खोटे आहे. ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करता वारला तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. मुले असताना विधवेस एक तृतीयांश व मुलांस दोन तृतीयांश वाटा मिळतो. भावास काही मिळत नाही. फेरफाराची नोंद म्हणजे मालकीचा अखेरचा निकालही नव्हे. तथापि तिच्याविरुद्ध अपिलाची मुदत असते, म्हणून दिवस दवडू नयेत.

तेव्हा उपदेशकाने त्याच आठवड्यात तिच्याबरोबर बसून कागद गोळा करावेत : पतीच्या मृत्यूचा दाखला, सातबाराचा व आठ-अ चा उतारा, फेरफाराची नक्कल, खरेदीखत, मुलांचे जन्मदाखले, आणि मंडळीच्या दप्तरातील विवाहाच्या नोंदीची प्रत. स्वयंसेवकाने तिला समितीच्या कचेरीत न्यावे. ती स्त्री आहे, म्हणून उत्पन्न न पाहता तिला वकील मिळेल. तारखेच्या दिवशी मंडळीतील एका बहिणीने तिच्याबरोबर जावे, व दुसरीने तिची मुले सांभाळावी. अशा रीतीने चार कोपरे चौघांनी धरले म्हणजे बाज दारापर्यंत पोहोचते.

धर्मांतराने हक्क जातो ही समजूत मोडण्यासाठी तर १८५० सालीच कायदा झाला होता. धर्म सोडला म्हणून कोणाचा मालमत्तेचा हक्क जाऊ नये, असे तो सांगत होता. पण येथेही बारकावे आहेत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या २६ व्या कलमाप्रमाणे, धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांस त्यांच्या हिंदू आप्तांच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही. वारसा उघडतेवेळी ती मुले हिंदू असतील तरच मिळतो. म्हणून अर्धवट माहितीवर कोणास अभय देऊ नये. आपले काम वकिलापर्यंत पोहोचविण्याचे आहे, स्वतः निकाल देण्याचे नव्हे.

५. ख्रिस्ती माणसाने न्यायालयात जावे काय?

काही बंधू विचारतील की, पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ६ व्या अध्यायात भावाने भावाविरुद्ध न्यायालयात जाण्याची निंदा केली आहे ना? होय, केली आहे. मंडळीतील दोघांचा बांधावरचा किंवा देण्याघेण्याचा वाद असेल, तर तो प्रथम वडीलजनांपुढेच मिटवावा. परंतु त्याच पौलाने आपणांस अन्यायाने फटके मारण्यास बांधले असता रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला, व पुढे कैसराजवळ न्याय मागितला (प्रेषित २२:२५, २५:११). लूकाच्या १८ व्या अध्यायातील विधवा तर देवाला न भिणाऱ्या न्यायाधीशाच्या दारी पुनःपुन्हा गेली, आणि प्रभूने तिच्या चिकाटीचा दृष्टांत प्रार्थनेसाठी दिला. दुर्बळाचा हक्क मागणे हे भांडखोरपण नव्हे.

६. सावधगिरीच्या गोष्टी

पहिली : सत्य सोडू नये. १९५० च्या हुकुमाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख (१९५६ पासून) व बौद्ध (१९९० पासून) ह्यांनाच आहे. ख्रिस्ती झालेल्यांना नाही. हा भेद अन्यायाचा आहे, असे मंडळ्यांचे पुष्कळ वर्षांचे म्हणणे आहे. तरी अर्जावर खोटे लिहू नये; त्याने पुढे सर्व दावाच डळमळतो. आणि खोटे लिहिण्याची गरजही नाही. स्त्री म्हणून, मूल म्हणून, अपंग म्हणून अथवा उत्पन्न कमी म्हणून आपल्या बहुतेकांस साहाय्य मिळते. अनुसूचित जमातीच्या बांधवांचा दर्जा मात्र धर्म बदलल्याने जात नाही.

दुसरी : हे साहाय्य सर्वांसाठी असावे. शोमरोनी मनुष्याने वाटेवर पडलेल्याचा धर्म विचारला नाही. गावातील कोणत्याही जातीधर्माचा गरीब आला तरी त्याची बाज उचलावी, व त्याच्या मोबदल्यात त्याला मंडळीत बोलावू नये. साहाय्याची लालूच दाखवून मिळविलेला मनुष्य प्रभूचा होत नाही, आणि साहाय्याचे नावही खराब होते.

तिसरी : दलालांपासून दूर राहावे. नेमलेला वकील फुकट आहे. त्याने किंवा दुसऱ्या कोणी पैसे मागितले, तर जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवास लेखी कळवावे. मंडळीतील कोणी ह्या कामात एक रुपयाही घेऊ नये. इथ्रोने लाचेचा तिटकारा ही अट घातली होती, ती विसरू नये.

चौथी : लोकन्यायालय चांगले आहे, पण उमजून सही करावी. तेथे तडजोड झाली तर न्यायालयाचे शुल्क परत मिळते व वर्षानुवर्षांचे हेलपाटे वाचतात. परंतु तेथील निवाड्यावर अपील नाही. म्हणून कागद दोनदा वाचवून घेतल्यावाचून अंगठा देऊ नये. आणि ज्या गुन्ह्यांत कायद्याने तडजोड होत नाही, असे मोठे गुन्हे तेथे मिटविता येत नाहीत. कोणा बहिणीवर अत्याचार झाला असता, गावाची अब्रू राखण्याकरिता तिला गप्प बसविणे हे तर पाप आहे.

७. ह्या महिन्यात काय करावे

एका रविवारी हा पाठ वाचून मंडळीने दोन माणसे निवडावी, त्यांत एक स्त्री असावी. त्यांनी तालुका समितीच्या कचेरीत जाऊन पाळकाचे पत्र द्यावे, आणि आपल्या गावी कायद्याची माहिती देणारी सभा घ्यावी अशी विनंती करावी. स्वयंसेवकाचे शिक्षण पुढे केव्हा आहे ते विचारून यावे. मंडळीची दप्तरे तपासावी. राहिलेल्या नोंदी साक्षीदारांसमक्ष खऱ्या असतील तेवढ्याच, आणि आज कोणत्या तारखेस लिहिल्या ते नमूद करून लिहाव्या. मंदिराच्या दाराशी १५१०० हा क्रमांक व कचेरीचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. शेजारच्या गावच्या मंडळीस, शाळेच्या गुरुजींस, आशाताईंस व बचतगटाच्या बायांसही बोलवावे. कारण ही बाज केवळ आपल्याच खांद्यांवर तोलावयाची नाही.

विचारावयाचे प्रश्न

१. पक्षघाती मनुष्य व प्रभू ह्यांमध्ये कोणते अडथळे होते? आपल्या गावातील गरीब व न्याय ह्यांमध्ये कोणते आहेत?
२. इथ्रोने कोणत्या गुणांची माणसे निवडावयास सांगितले? आपल्या मंडळीत अशी कोण आहेत?
३. १२ व्या कलमाप्रमाणे कोणास मोफत वकील मिळतो? त्यांपैकी कोणास उत्पन्नाची अट नाही?
४. पाठातील विधवेसाठी मंडळीने कोणती कामे केली? त्यांपैकी वकिलाची कोणती व आपली कोणती?
५. गेल्या वर्षात कोणाची बाज आपण पाहिली, पण उचलली नाही?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वर्गात मोठ्याने देऊ नये. ते घरी जाऊन प्रभूपुढे द्यावे, आणि मग उठून त्या घरी जावे.

प्रार्थना : हे न्यायी व दयाळू पित्या, जे स्वतःसाठी बोलू शकत नाहीत त्यांचे तोंड आम्हांस होऊ दे. आमचे हात लाचेपासून व आमची जीभ असत्यापासून राख. ज्यांच्याबरोबर हे काम करावयाचे त्या वकिलांस, न्यायाधीशांस व शेजाऱ्यांस तुझे भय व सुबुद्धी दे. छपर उकलावे लागले तरी आम्ही माघारी फिरू नये, असे कर. आमेन.